नदीच्या पाण्यातील उष्णता आणि नगरांचे तापन : उष्णतापंपाच्या वापराचा ऐतिहासिक अभ्यास (१८५२ ते २०२३)

गोषवारा

नदी, सरोवर किंवा समुद्र यांच्या थंड पाण्यातून उष्णता काढून इमारती उबदार ठेवण्याचे तंत्र आज पर्यावरणपूरक ऊर्जेचे नवे साधन म्हणून ओळखले जाते. या तंत्राचा सिद्धांत मात्र १८५२ मध्येच मांडला गेला होता आणि झ्युरिक येथील एका सार्वजनिक इमारतीत १९३८ पासून त्याचा प्रत्यक्ष वापर सुरू झाला होता. प्रस्तुत लेखात झ्युरिक, नॉरिच, लंडन आणि स्टॉकहोम या चार नगरांतील उदाहरणांच्या आधारे या तंत्राच्या स्वीकाराचा व विस्मरणाचा इतिहास तपासला आहे. पाण्याची उपलब्धता ही या तंत्राची आवश्यक अट असली तरी ती पुरेशी नाही. पंप चालविणारी शक्ती कोठून येते, इंधनाची टंचाई कितपत आहे आणि जोखीम उचलणारी सार्वजनिक संस्था आहे काय, या तीन बाबींवर त्याचे यशापयश अवलंबून राहिले, असे या अभ्यासातून दिसून येते.

बीजशब्द : उष्णतापंप, नदीचे पाणी, जलविद्युत, कोळसाटंचाई, नगरसंस्था, प्रशीतक.

प्रस्तावना

हिवाळ्यातील पहाटे विहिरीतून काढलेले पाणी कोमट लागते, हा महाराष्ट्राच्या ग्रामीण भागातील सर्वांचा अनुभव आहे. पाणी तापलेले नसते. हवा मात्र त्याच्यापेक्षा अधिक थंड झालेली असते. जमिनीखालच्या आणि खोल जलाशयांतील पाण्याचे तापमान ऋतुमानानुसार हवेइतके बदलत नाही. युरोपातील थंड प्रदेशांत, जेथे घर उबदार ठेवणे हा जगण्याचा प्रश्न असतो, तेथे या साध्या वस्तुस्थितीचा उपयोग करून घेण्याचा प्रयत्न गेल्या शतकात झाला.

तंत्रज्ञानाच्या इतिहासलेखनात शोधाच्या तारखेला बहुधा अधिक महत्त्व दिले जाते. शोध लागला म्हणजे त्याचा वापर ओघानेच होतो, असे त्यात गृहीत धरलेले असते. उष्णतापंपाचा इतिहास या गृहीतकाला छेद देतो. सिद्धांत मांडला गेल्यापासून नदीच्या पाण्यावर इमारत तापविण्यापर्यंत ८६ वर्षे गेली. त्यानंतरही हे तंत्र सलग वाढत गेले नाही. ते संकटकाळी आठवले गेले आणि स्वस्त इंधनाच्या काळात मागे पडले. या चढउताराची कारणे शोधणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे व व्याप्ती

१. नैसर्गिक जलस्रोतावर चालणाऱ्या उष्णतापंपाच्या तत्त्वाचा व प्रारंभीच्या विकासाचा आढावा घेणे.
२. निवडक चार नगरांतील प्रयोगांची ऐतिहासिक पार्श्वभूमी स्पष्ट करणे.
३. या प्रयोगांच्या यशापयशाची तुलना करून त्यामागील आर्थिक व संस्थात्मक कारणांचा शोध घेणे.

जमिनीतील किंवा हवेतील उष्णतेवर चालणारे पंप अभ्यासाच्या कक्षेबाहेर ठेवले असून त्यांचा उल्लेख केवळ संदर्भापुरता केला आहे. ऐतिहासिक व तुलनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे.

तत्त्व आणि पाण्याचे महत्त्व

उष्णता स्वभावतः उष्ण वस्तूकडून थंड वस्तूकडे जाते. तिला उलट दिशेने न्यावयाचे असेल तर बाहेरून कार्य करावे लागते. घरातील फ्रिज हेच करतो. तो आतील पदार्थांतील उष्णता काढून घेतो आणि मागील जाळीतून स्वयंपाकघरात सोडतो, म्हणून ती जाळी गरम लागते. फ्रिजच्या आतील कप्प्याच्या जागी नदी आणि मागील जाळीच्या जागी खोलीतील तापनयंत्र आहे अशी कल्पना केली की उष्णतापंप समजतो. कमी तापमानास उकळणारा द्रव, म्हणजे प्रशीतक, नदीच्या पाण्याकडून उष्णता घेऊन वाफ होतो. कॉम्प्रेसर ती वाफ दाबून तिचे तापमान वाढवितो. पुढे ती वाफ इमारतीच्या नळांतील पाण्याला उष्णता देऊन पुन्हा द्रवरूप होते.

या यंत्राच्या कार्यक्षमतेची मर्यादा सादी कार्नो या फ्रेंच अभियंत्याने १८२४ मध्ये मांडलेल्या विचारांतून निष्पन्न होते. ७ अंश सेल्सिअसच्या पाण्यातून उष्णता घेऊन ती ६० अंशांवर द्यावयाची असेल, तर आदर्श यंत्र खर्च केलेल्या शक्तीच्या सुमारे ६.३ पट उष्णता देईल. हीच उष्णता उणे १० अंशांच्या हवेतून घ्यावयाची झाल्यास हे प्रमाण ४.८ पर्यंत घसरते. प्रत्यक्ष यंत्रांत यापैकी साधारण निम्मेच पदरात पडते. तरीही दोन बाबी स्पष्ट होतात. स्रोत जितका उबदार तितका खर्च कमी. आणि अत्यंत थंडीत, म्हणजे गरज सर्वाधिक असताना, पाणी हा हवेपेक्षा भरवशाचा स्रोत आहे. गोडे पाणी ४ अंशांना सर्वाधिक घन असते. त्यामुळे खोल सरोवराचा पृष्ठभाग गोठला तरी तळाशी सुमारे ४ अंशांचे पाणी टिकून राहते.

पाण्याची उष्णता धरून ठेवण्याची क्षमताही मोठी आहे. १०० किलोवॉट उष्णता देणारा पंप खर्चलेल्या विजेच्या तिप्पट उष्णता देतो असे धरले, तर त्यातील सुमारे ६७ किलोवॉट नदीकडून येतात. त्यासाठी सेकंदाला साधारण ८ लिटर पाणी २ अंशांनी थंड करणे पुरेसे होते. शहरातून वाहणाऱ्या नदीच्या दृष्टीने हे प्रमाण नगण्य होय.

कल्पनेचा उदय

विल्यम थॉमसन, जे पुढे लॉर्ड केल्विन म्हणून प्रसिद्ध झाले, यांनी १८५२ मध्ये हवेच्या प्रवाहांच्या साहाय्याने इमारती तापविणे किंवा थंड करणे यांतील काटकसरीवर निबंध सादर केला. शेगडीत इंधन थेट जाळण्याऐवजी त्यावर इंजिन चालवून बाहेरील उष्णता आत आणली, तर तेवढ्याच इंधनात अधिक ऊब मिळू शकते, हा त्यांचा मुद्दा होता. तथापि ज्या देशात हा विचार मांडला गेला तो कोळशाने समृद्ध होता. काटकसरीची निकड नसलेल्या समाजात काटकसरीचे यंत्र कागदावरच राहिले.

याच दशकात ऑस्ट्रियातील एबेन्झे येथील मिठागारात पेटर फॉन रिटिंगर यांनी १८५६-५७ च्या सुमारास मिठाच्या पाण्यातून निघणारी वाफ दाबून तीच उष्णता पुन्हा वापरण्याचा प्रयोग केला. इंधन वाचविणे हाच त्याचा हेतू होता. उष्णतापंपाच्या तत्त्वाचा हा आरंभीचा औद्योगिक वापर मानला जातो. त्यानंतर शीतकरणाच्या यंत्रांची झपाट्याने प्रगती झाली, कारण बर्फ आणि मांसाची वाहतूक यांना बाजार होता. तीच यंत्रे तापनासाठी वापरता येतील याकडे मात्र फारसे लक्ष गेले नाही. ब्रिटिश अभियंता हॅल्डेन यांनी स्कॉटलंडमधील आपल्या घरी हवा आणि नळाचे पाणी यांचा स्रोत म्हणून उपयोग करून प्रयोग केले व १९३० मध्ये त्यांवरील निबंध प्रसिद्ध केला. विजेपासून कमी तापमानाची उष्णता मिळविण्याचा हा किफायतशीर मार्ग आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते.

झ्युरिक : कोळसा नसलेला देश

नदीच्या पाण्यावरील तापनाचे सुप्रसिद्ध आरंभीचे उदाहरण स्वित्झर्लंडमधील झ्युरिक येथे आढळते. तेथील राटहाउस, म्हणजे नगरभवन, ही १६९४ ते १६९८ या काळात बांधलेली इमारत लिमाट नदीच्या पात्रातच उभी आहे. झ्युरिक कँटनची विधानसभा आणि नगरपरिषद यांच्या बैठका येथे दीर्घकाळ होत आल्या. १९३७-३८ मध्ये एशर वीस या झ्युरिकमधीलच यंत्रनिर्मात्या कंपनीने येथे उष्णतापंप बसविला. त्याची क्षमता सुमारे १०० किलोवॉट होती आणि तो तापनासाठी ६० अंशांपर्यंतचे पाणी पुरवीत असे. उन्हाळ्यात तोच पंप इमारत थंड करण्यास वापरता येई. हा संच २००१ पर्यंत सेवेत राहिला. एखादे यंत्र ६३ वर्षे कामात असणे ही त्याच्या उपयुक्ततेची साक्षच म्हणावी लागेल.

हा प्रयोग येथेच का झाला, याचे उत्तर स्वित्झर्लंडच्या ऊर्जास्थितीत सापडते. देशात उल्लेखनीय कोळसा नव्हता. तो आयात करावा लागे. पहिल्या महायुद्धात ही आयात आटल्याने रेल्वे चालविणे कठीण झाले होते. त्याचा धडा घेऊन रेल्वेच्या विद्युतीकरणाला गती देण्यात आली व गोट्टहार्ड मार्ग १९२० ते १९२२ या काळात विजेवर आणला गेला. आल्प्सच्या नद्यांपासून मिळणारी वीज ही देशाची स्वतःची शक्ती होती. मात्र हिवाळ्यात पाणी बर्फाच्या रूपात डोंगरावर अडकते आणि नद्यांचे प्रवाह मंदावतात. ज्या ऋतूत उष्णता हवी त्याच ऋतूत वीज मर्यादित असते. अशा वेळी विजेवर थेट शेगड्या पेटविणे परवडणारे नव्हते. एक भाग विजेपासून तीन भाग उष्णता देणारे यंत्र येथे केवळ कुतूहलाचा विषय राहिले नाही.

दुसरे महायुद्ध सुरू झाल्यावर चोहोबाजूंनी अक्षराष्ट्रांनी वेढलेल्या या तटस्थ देशाची कोळशासाठी जर्मनीवर भिस्त राहिली. या काळात झ्युरिकमध्ये १९४१ साली सार्वजनिक जलतरण तलावासाठी उष्णतापंप बसविण्यात आला. पुढच्याच वर्षी तेथील प्रसिद्ध तंत्रशास्त्र संस्थेच्या इमारतींना नळांद्वारे उष्णता पुरविणाऱ्या केंद्रात लिमाटच्या पाण्यावर चालणारे मोठे पंप दाखल झाले. १९३८ ते १९४५ या काळात देशात तिसाहून अधिक उष्णतापंप उभे राहिले. राटहाउसमधील शांतताकाळातील प्रयोग युद्धकाळात धोरण बनला, असे म्हणता येईल.

नॉरिच : अभियंत्याचे यश, व्यवस्थेची उदासीनता

इंग्लंडमधील नॉरिच हे दुसरे उदाहरण. जॉन समनर हे नॉरिच नगरपालिकेच्या वीज विभागाचे अभियंता होते. १९४५ मध्ये त्यांनी वेन्सम नदीच्या पाण्यावर चालणारा उष्णतापंप विभागाच्या कार्यालयीन इमारतीसाठी उभारला. युद्धकाळातील टंचाईमुळे मिळेल त्या जुन्या सामग्रीतून काम भागवावे लागले. प्रशीतक म्हणून सल्फर डायऑक्साइड वापरला होता. पंपाने सरासरी १४७ किलोवॉट व कमाल २३४ किलोवॉट उष्णता दिली. संपूर्ण हंगामात खर्च झालेल्या विजेच्या ३.४२ पट उष्णता मिळाल्याची नोंद आहे. जुन्या सामग्रीतून मिळालेले हे फळ उल्लेखनीय होते.

तरीही ब्रिटनमध्ये या यंत्राचा प्रसार झाला नाही. याचे एक कारण आकडेमोडीतच दडलेले आहे. त्या काळातील ब्रिटिश वीज मुख्यतः कोळशापासून तयार होई आणि वीजकेंद्रांत कोळशातील ऊर्जेपैकी सुमारे एक-पंचमांश भागच विजेत रूपांतरित होत असे. म्हणजे कोळशाच्या १०० एकक ऊर्जेपासून २० एकक वीज आणि त्या विजेपासून समनर यांच्या पंपाने ६८ एकक उष्णता. त्याच १०० एककांचा कोळसा तळघरातील चांगल्या बॉयलरमध्ये जाळला तरी ६० ते ७० एकक उष्णता मिळू शके. वीजकेंद्रापासून हिशेब मांडला तर कोळशाची बचत जवळजवळ नाहीशी होते. झ्युरिकमध्ये वीज नदीपासून आणि उष्णताही नदीपासून येत असल्याने वाचलेला प्रत्येक टन कोळसा खरोखरच वाचत होता. दोन्ही नगरांतील यंत्रांचे तत्त्व एकच असले तरी विजेचा उगम निराळा असल्याने त्यांच्या उपयुक्ततेचा अर्थ बदलला.

दुसरे कारण संस्थात्मक दिसते. १ जानेवारी १९४७ रोजी ब्रिटनमधील कोळसा उद्योगाचे आणि १ एप्रिल १९४८ रोजी वीज उद्योगाचे राष्ट्रीयीकरण झाले. नगरपालिकांचे स्वतंत्र वीज विभाग संपुष्टात आले. आपल्या नदीवर, आपल्या इमारतीत, आपल्याच जबाबदारीवर प्रयोग करणारा नगर अभियंता एका मोठ्या यंत्रणेचा घटक झाला. समनर यांनी मात्र या विषयाचा ध्यास सोडला नाही. घरगुती उष्णतापंपांवरील त्यांचे पुस्तक १९७६ मध्ये, म्हणजे तेलसंकटानंतर, प्रसिद्ध झाले.

लंडन : क्षमतेचा चुकलेला अंदाज

लंडनमध्ये थेम्सच्या दक्षिण काठी लंडन काउंटी कौन्सिलने बांधलेल्या रॉयल फेस्टिव्हल हॉलचे उद्घाटन ३ मे १९५१ रोजी झाले. युद्धोत्तर पुनर्निर्माणाचे प्रतीक म्हणून उभारलेल्या या सभागृहात थेम्सच्या पाण्यावर चालणारा उष्णतापंप बसविण्यात आला. हिवाळ्यात तापन आणि उन्हाळ्यात शीतकरण अशी दुहेरी योजना होती. पंप विजेवर चालत नसून कोळशापासून तयार होणाऱ्या नगरवायूवरील इंजिनांनी चालविला जाई. त्याची क्षमता सुमारे २.७ मेगावॉट होती.

तांत्रिकदृष्ट्या यंत्राने काम केले. मात्र त्याची क्षमता सभागृहाच्या प्रत्यक्ष गरजेपेक्षा बरीच जास्त ठरली. मोठा भांडवली खर्च वसूल होण्यासाठी असे यंत्र हंगामभर मोठ्या भारावर चालावे लागते. येथे तसे घडले नाही. उपक्रम तोट्यात गेला आणि यंत्रणा काढून टाकण्यात आली. नॉरिचमध्ये यंत्र गरजेतून उभे राहिले होते, तर लंडनमध्ये ते प्रदर्शनाच्या उत्साहातून उभे राहिले, हा फरक येथे लक्षात घ्यावा लागतो. पुढील दोन दशकांत स्वस्त खनिज तेलाने युरोपचा तापनाचा प्रश्न इतक्या सहजपणे सोडविला की नदीकडे पाहण्याची गरजच उरली नाही.

स्टॉकहोम : समुद्राच्या पाण्यावर शहर

१९७३ व १९७९ च्या तेलसंकटांनी ही परिस्थिती पालटली. १९७० मध्ये स्वीडनच्या ऊर्जापुरवठ्यात तेलाचा वाटा सुमारे तीन-चतुर्थांश होता. देशाने जलविद्युतेच्या जोडीला अणुवीज उभारली. १९८५ पर्यंत १२ अणुभट्ट्या कार्यान्वित झाल्या आणि वीज विपुल झाली. शहरांमध्ये केंद्रातून घरोघरी गरम पाणी पोहोचविणाऱ्या नळांचे जाळे आधीच होते. स्वस्त वीज, महाग तेल आणि तयार जाळे असे तीन घटक एकत्र आले.

याच परिस्थितीत १९८० च्या दशकाच्या मध्यास स्टॉकहोममधील रोप्स्टेन येथे समुद्राच्या पाण्यावर चालणारे मोठे उष्णतापंप उभारण्यात आले. त्यांची एकूण क्षमता सुमारे १८० मेगावॉट, म्हणजे झ्युरिकच्या राटहाउसमधील पंपाच्या १८०० पट होती. हिवाळ्यात पृष्ठभागाचे पाणी गोठणबिंदूजवळ जाते, म्हणून त्या काळात पाणी सुमारे १५ मीटर खोलीवरून घेतले जाते. तेथे ते ३ अंशांच्या आसपास असते. इतक्या थंड पाण्यातून शहर उबदार ठेवले जाते, ही गोष्ट थॉमसन यांच्या तर्काची मोठ्या प्रमाणावरील प्रचीती होय. येथेही पुढाकार नगराच्या मालकीच्या ऊर्जा संस्थेचाच होता.

प्रशीतकाचा प्रश्न

या इतिहासाची एक बाजू सहसा दुर्लक्षित राहते. समनर यांनी वापरलेला सल्फर डायऑक्साइड विषारी होता. झ्युरिकच्या पंपात वापरलेला आर-१२ हा वायू विषारी नव्हता व पेट घेत नव्हता, म्हणून तो सुरक्षित मानला गेला. पुढे हाच वर्गातील वायू ओझोन थराला घातक असल्याचे सिद्ध झाले आणि १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानुसार ते टप्प्याटप्प्याने बंद करण्यात आले. त्यांच्या जागी आलेले काही वायू ओझोनला निरुपद्रवी असले तरी तापमानवाढीस कारण ठरतात, म्हणून २०१६ च्या किगाली दुरुस्तीने त्यांवरही मर्यादा आणली. नॉर्वेतील ड्रामेन येथे २०११ मध्ये सुरू झालेल्या फियॉर्डच्या पाण्यावरील केंद्रात अमोनिया हा एकोणिसाव्या शतकापासून परिचित असलेला प्रशीतक वापरला गेला. तेथून सुमारे ९० अंशांपर्यंत तापलेले पाणी शहराला मिळते. इंधन वाचविणारे यंत्र आपोआप निर्दोष ठरत नाही, हे यातून दिसते.

विवेचन

चारही उदाहरणांची तुलना करता काही समान सूत्रे हाती लागतात. चारही ठिकाणी पाणी मुबलक होते. म्हणून पाण्याच्या उपलब्धतेने यशापयशाचा उलगडा होत नाही. झ्युरिक व स्टॉकहोम येथे पंप चालविणारी वीज कोळशाविना निर्माण होत होती आणि तेथे तंत्र टिकले. नॉरिच व लंडन येथे पंपामागील शक्ती अखेर कोळशाचीच होती आणि तेथे ते टिकले नाही. अर्थात केवळ याच कारणाने सर्व स्पष्ट होते असे नाही. लंडनमधील क्षमतेचा चुकलेला अंदाज हे स्वतंत्र कारण आहे.

चारही प्रयोगांमागे सार्वजनिक संस्था होत्या, हेही लक्षणीय आहे. नदी कोणा एकाच्या मालकीची नसते. तिचे पाणी घेणे, ते थंड करून परत सोडणे आणि त्याचा जलचरांवर होणारा परिणाम तपासणे ही सार्वजनिक जबाबदारी ठरते. शिवाय भांडवल आज गुंतवावे लागते आणि बचत अनेक वर्षांत होते. अशी गुंतवणूक करण्याची चिकाटी नगरसंस्थांनी दाखविली.

२०२३ मध्ये जर्मनीतील मॅनहाइम येथे ऱ्हाइन नदीच्या पाण्यावर सुमारे २० मेगावॉट क्षमतेचा उष्णतापंप सुरू झाला. तो तेथील कोळशावर चालणाऱ्या मोठ्या वीजकेंद्राच्या आवारात आहे. त्याच्या आदल्याच वर्षी, २०२२ मध्ये, युक्रेन युद्धामुळे युरोपचा नैसर्गिक वायूचा पुरवठा विस्कळीत झाला होता. संकटाच्या काळात नदीची आठवण होण्याचा जुना क्रम येथेही दिसतो. मात्र आता त्याला हवामानबदलाची नवी जोड मिळाली आहे आणि ते संकट तेलाच्या भावाप्रमाणे ओसरणारे नाही.

निष्कर्ष

१. जलस्रोतावरील उष्णतापंपाचा सिद्धांत आणि त्याचा व्यापक वापर यांत दीर्घ अंतर पडले. त्याचे मुख्य कारण तांत्रिक अज्ञान नसून स्वस्त इंधनाची उपलब्धता हे होते.
२. या तंत्राची खरी बचत पंप चालविणाऱ्या शक्तीच्या उगमावर अवलंबून असते. झ्युरिक आणि नॉरिच यांची तुलना हे स्पष्टपणे दाखविते.
३. तांत्रिक यश म्हणजे ऐतिहासिक यश नव्हे. नॉरिच व लंडन येथील यंत्रे चालली, परंतु त्यांना पुढे नेणारी व्यवस्था उरली नाही.
४. प्रारंभीच्या प्रयोगांत नगरसंस्थांचा पुढाकार निर्णायक होता. स्थानिक संस्थांचे अधिकार आणि तंत्रज्ञानाचा प्रसार यांचा संबंध स्वतंत्र अभ्यासास पात्र आहे.
५. संकट सरताच ज्ञान बाजूला पडते आणि पुढील संकटात ते पुन्हा नव्याने मिळवावे लागते. नॉरिच आणि लंडन येथील अनुभव हाताशी असूनही युरोपची दोन दशके स्वस्त तेलावर गेली, ही या विस्मरणाची किंमत होय. महाराष्ट्रासारख्या प्रदेशात तापनापेक्षा शीतकरणाची गरज मोठी असल्याने ही यंत्रे जशीच्या तशी येथे आणण्याचा प्रश्न नाही. परंतु कोणतेही ऊर्जासाधन स्वीकारताना त्यामागील शक्तीचा उगम विचारावा आणि त्याची क्षमता गरजेवरून ठरवावी, हा या इतिहासाचा धडा येथेही तितकाच लागू पडतो.